घरचा बेस

कॅप्टनने टोपी काढून बाईंच्या टेबलाच्या कडेला ठेवली, पण तो बसला नाही. खुर्ची रिकामी होती, बाईंनी हातही केला होता. तरी तो उभाच राहिला आणि म्हणाला,

"घरच्या बेसवर जागा रिकामी होतेय असं ऐकलं."

"ऐकलं म्हणजे? नोटीस लागलीय बाहेर," बाई म्हणाल्या. "जागा एक, अर्ज सात. तुमचा धरून आठ."

"अर्ज कालच टाकलाय. आज विनंती करायला आलोय."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. मालवाहू विमानांच्या त्या कंपनीत सव्वीस वर्षं त्या वैमानिकांचं रोस्टर लावत होत्या. कोण कुठल्या बेसवर किती दिवस राहणार, कोणाला मुलाच्या वाढदिवसाला सुट्टी मिळणार आणि कोण सलग अठरा दिवस हॉटेलच्या भिंतींशी गप्पा मारणार, हे दर महिन्याच्या पंचवीस तारखेला त्यांच्या टेबलावरून ठरून बाहेर पडे. नियम होते, ज्येष्ठतेची यादी होती; पण नियम आणि यादी दोन्ही संपल्यावर जे उरतं ते बाईंच्या पेन्सिलीत असायचं, आणि ते बरंच उरायचं. वैमानिक त्यांना पाठीमागे 'चित्रगुप्त' म्हणत. बाईंना ते माहीत होतं. आवडतही होतं.

"चार वर्षं झाली, बाई, मला दूरच्या बेसवर," कॅप्टन म्हणाला. "महिन्यातले अठरा दिवस तिकडे. माझ्या मागून आलेले लोक घरून ड्यूटी करतात. मी कोणाचं काय घोडं मारलंय?"

शब्द भांडणाचे होते, पण आवाजात भांडण नव्हतं. तो मऊ बोलत होता, दवाखान्यात बोलावं तसा.

"रात्री उडायचं, दिवसा झोपायचं. खिडकीचा पडदा चिमटे लावून बंद करतो, तरी फटीतून उजेड येतोच. जाग आली की आधी छताकडे बघतो, आज कुठल्या गावात आहोत ते आठवायला. जेवण पाकिटातलं. ते सगळं सोसलं, नोकरी आहे म्हटलं. पण मुलगी नऊ वर्षांची झाली, बाई. मी घरी गेलो की ती आईच्या मागे जाऊन उभी राहते. पाहुणा आल्यासारखी."

बोलता बोलता त्याचा हात टेबलावर फिरत होता. बाईंच्या कागदांचा गठ्ठा त्याने दोन्ही बाजूंनी ठोकून सरळ केला. पेन्सिलींची टोकं एका बाजूला केली. बाईंच्या मनात आलं, केवढा नीटनेटका माणूस. सव्वीस वर्षांत या टेबलाची कोणाला दया आली नव्हती.

"घराला माणूस लागतो," तो म्हणाला. "माझ्या मागे घराची घडी पार विस्कटलीय."

"बघते," बाई म्हणाल्या.

हा शब्द त्या दिवसातून पन्नास वेळा वापरत. त्याचा अर्थ 'नाही' असा होतो हे सगळ्यांना पाठ होतं. या वेळी मात्र तो त्यांच्याच कानाला वेगळा लागला. कॅप्टनने टोपी उचलली, मान लववली आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.

समोरच्या टेबलावरच्या काकांनी वर पाहिलं. काका सुट्ट्यांचा हिशेब ठेवत. निवृत्तीला सात महिने राहिले होते, त्यामुळे आताशा खरं बोलायला ते कचरत नसत.

"गुणी माणूस आहे," बाई म्हणाल्या.

"मग चार वर्षं त्याला तिकडे कोणी धाडलं? मी?"

बाईंनी चष्मा खाली घेतला आणि काही वाचायचं नसताना वाचायला लागल्या.

खरी गोष्ट काकांना माहीत नव्हती. चार वर्षांपूर्वी एका दुपारी बाईंना फोन आला होता. पलीकडे कॅप्टनची बायको होती. आढेवेढे न घेता तिने विचारलं होतं, यांना महिन्यातले जास्तीत जास्त दिवस बाहेरची ड्यूटी मिळेल का? बाई चक्रावल्या. रोस्टरच्या टेबलावर बायकांचे फोन नवीन नव्हते, पण ते सगळे उलटे असत: यांना घरी द्या, बाळंतपण आहे, सासऱ्यांचं ऑपरेशन आहे, निदान दोन दिवस तरी द्या. 'नेऊन ठेवा' म्हणणारी ही पहिलीच.

नेमकी तेव्हा दूरच्या बेसवर माणसं कमी पडत होती. जायला कोणी तयार होत नसे, ज्याला पाठवावं तो शिव्याशाप देत जाई. बाईंच्या दृष्टीने ही आयती सोय होती. त्यांनी पेन्सिल उचलली आणि कॅप्टनचं नाव तिकडच्या रकान्यात लिहिलं. पुढच्या महिन्यात वीस तारखेला पुन्हा फोन आला, त्याच्या पुढच्या महिन्यातही. चार वर्षांत एकही वीस तारीख चुकली नाही. बोलणं दोन वाक्यांचं असे.

"या वेळीही बाहेरच ठेवाल ना?"

"बघते."

"उपकार होतील."

एकदा बाईंनी आपणहून विचारलं होतं, काही निरोप असला तर तुमचा मोबाइल नंबर देऊन ठेवा. त्यावर ती म्हणाली होती, "मोबाइल मी वापरत नाही. घरचाच फोन आहे. तोही तुम्ही करू नका, मीच करत जाईन." बाईंनी त्याचा सरळ अर्थ लावला. नवरा अठरा दिवस बाहेर, फोन दुसऱ्या कोणाच्या हाती लागू द्यायचा नाही; आणखी काय असणार? दोन आणि दोन चार. कुणीतरी असणार.

असा अर्थ लावणं बाईंना जड गेलं नाही, कारण त्यांच्याजवळ त्यांचं स्वतःचं माप होतं. त्यांचा नवरा मालवाहू जहाजावर होता. नऊ महिने समुद्रावर, तीन महिने घरी. त्या तीन महिन्यांवर बाई बाकीचे नऊ काढत. सातव्या वर्षी तो परत आलाच नाही. बुडाला असता तर रडता तरी आलं असतं. तो कुठल्याशा बंदरात घर करून राहिला, आणि चार ओळींचं पत्र पाठवून मोकळा झाला. तेव्हापासून दुनियेतल्या बायकांचे बाईंच्या लेखी दोनच प्रकार उरले होते: नवऱ्याची वाट बघणाऱ्या आणि माजलेल्या.

आणि आज तो माणूस समोर उभा राहून, बसायलाही न धजता, घर मागत होता.

वीस तारखेला फोन वाजला तेव्हा बाई तयारच होत्या.

"या वेळीही…" तिने सुरुवात केली.

"या वेळी नाही," बाई म्हणाल्या. "आणि यापुढेही नाही. तुमचे मिस्टर घरच्या बेसला येतायत. रोज सकाळी जातील, दुपारी परत येतील. रोज घरी."

बाईंनी समोरच्या रकान्यातलं कॅप्टनचं नाव पेन्सिलीने पुन्हा गिरवलं.

"ऐकताय ना?"

"हो. नका करू असं," ती म्हणाली. आवाज अगदी खाली आला होता. "तुमच्या पाया पडते."

"माझ्या कशाला पाया पडता? तुमच्या नवऱ्याच्या पडा. चार वर्षं तो माणूस वनवास भोगतोय आणि त्याला पत्ताही नाही की घरातूनच कोणी धाडलंय. मी सांगितलं नाही त्याला, एवढे उपकार माना. तुम्हाला नवरा नको असेल तर कोर्टाची पायरी चढा. माझ्या रोस्टरवर तुमचे धंदे चालवू नका."

'धंदे' हा शब्द तोंडातून गेल्यावर काकांची मान वर आली. बाईंनी पाठ फिरवली.

"मी कारण सांगितलं तर?" ती म्हणाली. "एकदा ऐकून घ्याल का? मी आजवर कोणाला सांगितलं नाही. पण सांगते."

"मला नको. तुमच्या घरातलं तुमच्या घरात ठेवा."

बाईंनी फोन ठेवला. आत बरं वाटत होतं. खूप वर्षांनी कोणाच्या तरी नवऱ्याला त्यांनी किनाऱ्याला लावलं होतं.

"बाई," काका म्हणाले, "दुसऱ्याच्या चुलीत आपण लाकूड सारू नये. जाळ कुठं निघेल सांगता येत नाही."

"तुम्ही सुट्ट्या मोजा, काका."

पंचवीस तारखेला रोस्टर लागलं. आठ अर्जांतून कॅप्टनचं नाव घरच्या बेसवर आलं. सहा जणांनी कुरकुर केली, एकाने लेखी तक्रार केली. बाईंनी प्रत्येकाला नियम दाखवला. बेस मिळाला की तीन वर्षं तो बदलता येत नाही, मग अर्ज माणसाचा असो वा ऑफिसचा. नाहीतर लोक मांजरासारखे घरं बदलत बसतात. हा नियम बाईंनीच सुचवलेला होता आणि वरच्या साहेबांनी त्यावर त्यांची पाठ थोपटली होती.

कॅप्टनला घरचा बेस मानवला. महिन्याभरात डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, गालांवर तकाकी आली. पहाटे पावणेसहाला त्याचं विमान निघे. दोन गावांना माल टाकून, तिसऱ्या गावचा माल भरून, दुपारी दोन चाळीसला ते परत उतरे. कागदपत्रं दिली की तो वरच्या मजल्यावर बाईंच्या खोलीत डोकावून जाई.

"कसं काय, कॅप्टन? घर काय म्हणतंय?"

"येतंय रुळावर," तो हसून म्हणे. "चार वर्षांचा ढिलेपणा आहे. एका दिवसात कसा जाईल? पण येतंय."

बाईंना ते ऐकायला गोड लागे. असं कोणी त्यांच्या कामाचं फळ समोर आणून दाखवत नसे. वैमानिक येत ते रडायला, नाहीतर भांडायला.

दुसऱ्या महिन्यात लहान मुलीचे फोन यायला लागले. शाळा सकाळची असावी, कारण फोन बरोबर साडेबाराला येई.

"रोस्टर ऑफिस का? आज कॅप्टन बाबांचं विमान किती वाजता उतरणार?"

पहिल्या दिवशी बाईंना हसूच फुटलं. "कॅप्टन बाबांचं विमान दोन चाळीसला उतरणार, बाळा. तीन-सव्वातीनला बाबा घरी."

"नक्की दोन चाळीस?"

"नक्की."

"थँक्यू." फोन बंद.

दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. कधी वारा उलटा असे, विमान दहा मिनिटं मागे पडे, तर बाई आपणहून सांगत. पोरीचा आवाज गोड होता, बोलणं मोजकं. बाईंनी एकदोनदा गप्पांत ओढायचा प्रयत्न केला: कितवीत आहेस, बाबा खाऊ आणतात का? पण ती तेवढी वेळ विचारून घेई आणि फोन ठेवी. बापाच्या वाटेला डोळे लावून बसलेली पोर; आई कशी का असेना, लेक बापाची आहे, असं बाईंनी मनाशी ठरवून टाकलं. साडेबारा वाजत आले की त्या हातातलं काम बाजूला ठेवून फोनजवळ सरकत. काका मिशीत हसत.

अशा गोष्टी पोटात राहत नाहीत. एका दुपारी कॅप्टन दारात उभा असताना बाई म्हणाल्याच,

"भाग्यवान आहात हं, कॅप्टन. लेक रोज फोन करते मला."

"कोण?"

"तुमची लेक! साडेबाराच्या ठोक्याला. बाबा किती वाजता उतरणार म्हणून विचारते. एक दिवस चुकवत नाही."

कॅप्टनच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं.

"हो का?" तो म्हणाला. "मला बोलली नाही कधी."

"मुलांची गंमत असते. रागावू नका हं, मला काही त्रास नाही."

"छे, रागवायचं काय त्यात. बरं झालं सांगितलंत."

दुसऱ्या दिवशी साडेबाराला फोन आला नाही. पाऊण वाजला, एक वाजला. बाईंना वाटलं, शाळेत काही असेल. तिसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस झाले. कॅप्टन रोज येऊन हसून जात होता. त्याला विचारावं असं दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा बाईंनी दुसरंच काही विचारलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

नवव्या दिवशी दुपारी एक वाजता तिसऱ्या गावाहून निरोप आला. मालाच्या दरवाज्याचं कुलूप नीट बसत नव्हतं, सुटा भाग दुसरीकडून यायचा होता. इंजिनिअर म्हणत होता, तीन तास तरी धरा. म्हणजे एक दहाला निघणारं विमान चार दहाला निघणार आणि पाच चाळीसला उतरणार.

बाईंनी नव्या वेळा लिहिल्या. मग कॅप्टनची फाइल काढली आणि घरचा नंबर फिरवला. करू नका असं तिच्या आईने कधीतरी सांगितलं होतं; पण पोर ताटावर बसून बापाची वाट बघत राहील, तिला निदान कळवावं, असं त्यांना वाटलं.

फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"हॅलो?" मुलगीच होती, पण आवाज कुजबुजल्यासारखा होता.

"बाळा, मी रोस्टर ऑफिसमधली मावशी. तू फोन करायचं का गं सोडलंस?"

"बाबांनी सांगितलंय, ऑफिसला फोन करायचा नाही." मग तिने विचारलं, "पण तुम्ही केला तर चालतं ना? तो आम्ही केला असं नाही ना होत?"

"नाही होत," बाई म्हणाल्या. "रागावले का बाबा?"

"त्यांनी विचारलं, हे कोणी शिकवलं. मी म्हटलं, मीच केलं, माझ्या मनाने. मग आई म्हणाली, तिने शिकवलं." पोर अगदी सरळ सांगत होती, शाळेतला धडा सांगावा तशी. "आता तिचा हात बरा आहे. उजवा नव्हता, डावा होता."

समोर काका पंचाहत्तर सुट्ट्यांची बेरीज पुटपुटत होते.

"मावशी, तुम्ही फोन कशाला केला? बाबा लवकर येतायत?"

"नाही… नाही गं. उशीर होणार आहे आज. विमान बिघडलंय. तीन तास."

"तीन तास उशीर?"

"हो. पाच चाळीसला उतरेल. घरी यायला सव्वासहा होतील."

पलीकडे रिसीव्हर कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं पळाली. लांबून, पण स्वच्छ ऐकू आलं, "आई! तीन तास उशीर! आई, तीन तास!"

कुठलीशी खिडकी खाडकन उघडली. खुर्ची सरकली, ती कोणी जागेवर ठेवली नाही. आणि मग एक बाई हसली. चार वर्षं महिन्याच्या महिन्याला बाईंनी तो आवाज ऐकला होता, पण तो हसतो कसा हे त्यांना माहीत नव्हतं. तरुण हसू होतं. बाईंच्या हिशेबात ती चाळिशीची होती. ती तिशीचीही नसावी असं ते हसू होतं. दोघी काहीतरी एकदम बोलत होत्या. मुलगी ओरडत होती, जाऊया, जाऊया ना, आणि ती म्हणत होती, अगं थांब, चप्पल तरी घालू दे.

मुलगी धापा टाकत परत आली. आता ती कुजबुजत नव्हती.

"मावशी, आम्ही तळ्यावर जातोय! चालत! आई म्हणाली, पाचपर्यंत परत येऊ, मग सगळं आवरायला एक तास मिळतो. तीन तास म्हणजे नक्की तीन तास ना?"

"नक्की," बाई म्हणाल्या.

"आणखी उशीर नाही करता येणार तुम्हाला?"

बाईंनी डोळे मिटले. "जा तुम्ही," त्या म्हणाल्या. "सावकाश जा."

फोन ठेवल्यावर त्यांनी ज्येष्ठतेची यादी काढली, बेसच्या नियमांचा कागद काढला. तीन वर्षांतले तीन महिने झाले होते. अपवादाचं कलम शोधलं. नव्हतं. वरच्या साहेबांना तेव्हा ठासून सांगितलं होतं त्यांनी, अपवाद ठेवला की नियमाची चाळण होते.

"काका," त्या म्हणाल्या, "घरच्या बेसवरचा माणूस परत बाहेर पाठवायचा असेल तर?"

"तुम्हीच तर दार बंद केलंय. आता किल्ली मला विचारता?" मग बाईंचा चेहरा बघून काका गंभीर झाले. "काय झालं?"

बाई सांगणार होत्या, पण तेवढ्यात दोनला दहा कमी असताना पुन्हा निरोप आला. तिसऱ्या गावी शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानाचं कुलूप काढून लावलं होतं. दरवाजा बसला. विमान दोन पाचला निघतंय. कॅप्टनने खास कळवलं होतं, रोस्टरच्या बाईंना सांगा, वेळ फार बिघडू देणार नाही.

दोन पाच अधिक दीड तास. तीन पस्तीस.

बाईंनी नंबर फिरवला. तिकडे घंटा वाजत राहिली. बंद झाली. पुन्हा फिरवला. पुन्हा. रिकाम्या घरात घंटा कशी वाजते ते त्यांना ऐकू येत होतं: उघड्या खिडकीतून वारा येणारं घर, मधेच सोडलेली खुर्ची. अडीच वाजता फिरवला, तीनला फिरवला. कुठलं तळं, ते विचारलं नव्हतं. शहरात तीन तळी होती.

त्यांनी पेन्सिल उचलली. उतरल्यावर त्याला दोन तास विमानतळावर राखीव ठेवता आलं असतं, तेवढं त्यांच्या हातात होतं. त्याच्या नावापुढे त्यांनी 'राखीव' लिहिलं. मग तो कागद हातात धरून त्या बसल्या. दरवाज्याच्या भानगडीने वैतागलेला, त्यात विनाकारण दोन तास डांबून ठेवलेला तो माणूस सहाला घरी जाईल, तेव्हा त्याचं मन कसं असेल? ते कोणावर निघेल? त्यांनी लिहिलेलं खोडलं. खोडलेलं पुन्हा लिहिलं. शेवटी खोडलं.

चार वाजता कॅप्टन दारात उभा होता. कपाळावर आठी नव्हती, उलट मजेत दिसत होता.

"पाहिलंत? तीन तासांची पंचावन्न मिनिटं केली."

"बसा, कॅप्टन," बाई म्हणाल्या. "चहा घ्या. दमला असाल."

या आधी कधी त्यांनी चहा विचारला नव्हता. तो बसला. बाईंनी काकांना खूण केली, काकांनी चहा मागवला. बाई बोलत राहिल्या: इंजिनिअरबद्दल, वाऱ्याबद्दल, नव्या विमानांबद्दल, सव्वीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं ते जहाजावरच्या नवऱ्याबद्दलसुद्धा. कॅप्टन मान हलवत ऐकत होता, चहाचे लहान घोट घेत होता. मध्येच त्याने बशीवर सांडलेला थेंब बोटाने पुसला. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली.

"आणखी एक कप?"

"नको, पुरे." तो उठला. "घरी कळवलं होतं का कोणी, उशीर होणार म्हणून?"

काकांनी बाईंकडे पाहिलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "आम्ही कोणाच्या घरी कळवत नाही."

"बरोबर आहे. कळवूच नये. माणूस केव्हा येणार हे आधी कळलं, की घर फक्त तेवढ्यापुरतं नीट राहतं." हे त्याने इतक्या मऊपणे सांगितलं की जणू बाईंना कामातली एखादी युक्ती शिकवत होता. टोपी डोक्यावर ठेवून त्याने काचेत पाहून ती सरळ केली. "म्हणजे त्यांच्या लेखी मी सव्वातीनलाच यायला हवा होतो. वाट बघत असतील दोघी. येतो."

दार आवाज न करता मिटलं.

बाई खिडकीशी गेल्या. खाली कॅप्टनची गाडी सावकाश फाटकाकडे निघाली. फाटकाशी मालाचा एक ट्रक आत येत होता; त्याने गाडी थांबवून ट्रकला आधी जाऊ दिलं. पहारेकऱ्याने सलाम केला, त्याने काच खाली करून त्याची विचारपूस केली असावी, कारण पहारेकरी हसला. मग गाडी रस्त्याला लागली.

मागे काका फोन कानाला लावून बसले होते. नंबर त्यांनी बाईंच्या कागदावरून घेतला होता. त्यांनी रिसीव्हर बाईंच्या दिशेने थोडा वर धरला. खोलीच्या या टोकालाही ती घंटा ऐकू येत होती.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून एकोणीस मिनिटं झाली होती.